फुटक्या टाचा

शेवटचं असं जे आम्ही दोघांनी मिळून केलं, ते म्हणजे हौसाच्या टाचा घासल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिवस कलला होता. ती ओसरीच्या पायरीवर बसली होती, पाय घमेल्यात, घमेल्यात कढत पाणी आणि मूठभर मीठ. मी खालच्या पायरीवर, हातात वजरी. गुडघे गेल्यापासून तिला वाकता येत नव्हतं म्हणून हे काम माझ्याकडं आलं होतं, आणि माझं काम तिला एकही दिवस पसंत पडलं नाही.

"जरा जोर लावा की. भाकरी थापताय व्हय?"

"जोर लावला की वरडतीस."

"वरडनार न्हाय तर काय! पाय हाय माजा, बैलाचा खूर न्हाय."

"खूर परवडला. नाल ठोकला की माणूस मोकळा."

हसली. मग मी तिचा उजवा पाय मांडीवर घेऊन पुसला, पळीत कोकमतेलाचा खडा वितळवला आणि एकेका भेगेत थेंब थेंब सोडला. लेकीनं बारामतीहून आणलेली मलमाची ट्यूब फळीवर तशीच पडून होती. हौसाला तो वास चालायचा नाही. म्हणायची, पायाला कशाला अत्तर, पाय काय कुणाच्या नाकाला लावायचाय? उजवा झाला तोवर अंधारून आलं, डास चावायला लागले. "डाव्याचं उद्या," म्हणाली आणि घमेल्यातलं पाणी झाडांपासून लांब फेकायला सांगितलं. पहाटे हाक मारली तर ओ आली नाही.

भेटायला येणारे म्हणतात, अहेव गेली, हळदीकुंकवात गेली, नशिबाची बाई. मी मान हलवतो. ती नशिबाची, मग मी कोण, ते कुणी सांगत नाही. लेक म्हणाली, आबा, बोलत नाही तर निदान लिहा तरी. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, लिहिणं मला नांगरटीपेक्षा जड जातं. पण दुपार सरत नाही. आमच्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं तिच्या बडबडीखाली तो दबलेला होता. म्हणून ती मला पहिल्यांदा कशी दिसली तेवढं लिहून ठेवतो. तिच्या आधीचं माझं पोरपण त्यात ओघानं येईल. वेगळं सांगावं असं ते नव्हतंच.

आमचं घर कऱ्हाटीला, गावाबाहेर रानात. दोन खण, पुढं पडवी, बाजूला विहीर आणि विहिरीवर इंजिन. घरात माणसं तीन. बाप, त्याला सगळे तात्या म्हणायचे, मीही तात्याच म्हणायचो. त्याची थोरली बहीण, माझी आत्या, नवरा वारल्यावर भावाचा संसार सांभाळायला आली ती कायमची. आणि मी. आई मी लहान असतानाच तापानं गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, फोटो काढायची तेव्हा आमच्यात रीत नव्हती. मला तिच्या टाचा आठवतात. डोक्यावर मेथीची पाटी घेऊन ती बांधानं पुढं चालायची आणि मी मागनं, काटा लागू नये म्हणून खाली बघत. भेगांत माती बसून काळ्या रेषा झालेल्या. टाच उचलली की त्यातली एक रेष उघडायची, टेकली की मिटायची. उघडायची, मिटायची. आईचं म्हणून माझ्याकडं एवढंच आहे. लोकांकडं अंगाईगीतं असतात म्हणे.

आत्या वाईट नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. हाताला चव होती तिच्या. थंडीत हुलग्याचं माडगं करायची, वरनं लसणाची फोडणी, तो वास विहिरीपर्यंत यायचा. वांगी आमच्याच रानातली, ती चुलीत भाजून, कांदा-मिरची ठेचून भरीत, आणि तव्यावरनं थेट ताटात पडलेली बाजरीची भाकरी. पण जेवायला आम्ही तिघं बसलो की तिघांच्या तोंडचा चावण्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. तात्याला बोलायची सवय नव्हती. दिवसभर इंजिनाची पुकपुक, आणि ते बंद पडलं की एकदम अशी शांतता की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. शाळा सुटल्यावर माझ्या वयाचं कुणी मला दिवसचे दिवस दिसायचं नाही. बारामतीला बाजाराच्या दिवशी माल घेऊन गेलो की माणसं दिसायची, पण ती भावापुरती बोलायची.

आणि आत्याचा पायगुणावर भारी विश्वास. गाय आटली, विहिरीचं पाणी खाली गेलं, कुठं काही बिनसलं की ती आधी विचारायची, आज घरात कोण आलं होतं? माझी आई गेली तीही तिच्या मते टाचांपायी. फुटक्या टाचंची बाई घरात शिरली की लक्ष्मी मागल्या दारानं जाते, हे तिनं माझ्यासमोर इतक्यांदा सांगितलं की मला ते पाढ्यासारखं पाठ होतं. तात्या ऐकून घ्यायचा. मीही.

माझे स्वतःचे पाय तर विचारू नका. चपला लग्नाकार्यापुरत्या. एरवी रात्रंदिवस अनवाणी, वाफ्यांना पाणी देत चिखलात उभं राहायचं, मग मुरमाच्या वाटेनं उन्हात चालायचं. भिजायचं, वाळायचं, तडकायचं. टाचेचं कातडं इतकं निबर झालं होतं की बाभळीचा काटा मोडायचा, आत शिरायचा नाही. त्याचा मला गर्व होता. पण थंडी पडली की भेगा मांसापर्यंत जायच्या, गोधडीचे दोरे टाचेत अडकायचे आणि कूस बदलली की असा झटका बसायचा की डोळ्यांत पाणी. आता माझे तळवे हौसाच्या कृपेनं बाईसारखे मऊ आहेत. चाळीस पावसाळे तिनं मला चपलेशिवाय उंबरा ओलांडू दिला नसेल.

मी एकोणीस-वीसचा असेन तेव्हा मामानं, म्हणजे आईच्या भावानं, इंदापूरकडची एक मुलगी सुचवली. बघायला जायचं ठरलं आणि आत्याचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. आपण दुसऱ्याच्या टाचा बघायला जाणार आणि आपल्या पोराच्या अशा, हे तिला पटेना. जायच्या दोन दिवस आधी दिवेलागणीला तिनं मला चुलीपुढं बसवलं, बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, आणि तेल सुटायला लागल्यावर ते काळं, चरचरणारं तेल भेगा-भेगांतून सोडलं. बिब्ब्यानं भेगा भरतात हे खरं. पण तो ज्याला मानवत नाही त्याच्यावर उलटतो. आमच्याकडं म्हणतात, बिब्बा उतला. तोलून-मापून एखादा ठिपका लावायचा असतो. आत्यानं दोन्ही पाय असे माखले, जशी गाडीच्या चाकाला वंगण देत होती. दुसऱ्या दिवशी खाज सुटली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या दिवशी, टाचांपासून घोट्यांपर्यंत फोड. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात दुखलं-खुपलं सांगायची पद्धत नव्हती. बारामतीत शिपाई असलेल्या चुलतभावाचे काळे बूट आणले होते, त्यात पाय कोंबले आणि एसटीत बसलो.

गाडीत मामा माझ्या शेजारी. हळूच म्हणाला, "पोरगी कामाची हाय. तोंडानं जरा फटकळ, पर मनात काय ठेवत न्हाय. दोन ठिकाणी मोडलंय तिचं."

"का?"

"पायावरनं. टाचा फुटल्यात्या. आता हितं बी न्हाय जमलं तर बाप तिला नदीपल्याडच्या बिजवराला देणार हाय. दोन लेकरं हायती त्याला, आन तिच्या बापाच्याच वयाचा हाय तो." मग पुढच्या बाकावर तात्याशेजारी बसलेल्या आत्याकडं बघून म्हणाला, "तुजी आत्या येनार हाय म्हनल्यावर मी घरी दिवा लावून आलोय देवापुढं."

इंदापूरला उतरून तिच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. एकेक पाऊल निखाऱ्यावर टाकल्यासारखं. बैठकीत घोंगडी अंथरली होती. पोहे आले. आणून ठेवले ते हौसानंच. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, नजर खाली. पण पोह्याची बशी माझ्यापुढं ठेवताना बशीचा आवाज जरा मोठाच झाला. आत्यानं नाव विचारलं, गोत विचारलं, पुरणाला डाळ किती शिजवायची ते विचारलं. मग म्हणाली, "बरं, आता जरा चालून दाव बाई."

ही आमच्याकडची रीतच. मुलगी लंगडत नाही ना, पाऊल कसं टाकते, ते बघायचं. हौसा दारापासून जात्यापर्यंत गेली, वळली, परत आली. जाताना तिची पाठ माझ्याकडं होती. आळता लावून टाचा लाल केल्या होत्या, पण टाच उचलली की एक रेष उघडत होती, टेकली की मिटत होती. माझ्या पायांची आग मी त्या वेळी विसरलो. मागं आईचं लिहिलंय, त्यापेक्षा जास्त मला इथं लिहिता येत नाही.

तेवढ्यात तिच्या टाचेतनं काहीतरी सारवलेल्या भुईवर पडलं. आत्यानं ते दोन बोटांत उचललं आणि उजेडाला धरलं.

"ह्ये काय गं?"

"मेण," हौसा म्हणाली.

"मेण कशाला?"

"भेगा बुजवायला. तुमी बघनार म्हणून आईनं भरलंय."

तिचा बाप खाकरला. आई दाराआड होती, ती दिसेनाशी झाली. आत्या तात्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी फसवायचा इचार व्हता."

"फसवायचं कसलं त्यात?" हौसा म्हणाली. आता नजर वर होती. "रानात राबलं की टाचा फुटत्यात. तुमच्यात काय बाया पाळण्यात बसून मेथी खुरपत्यात व्हय? माजं बघितलंसा नव्हं, आता तुमच्या पोराचं बी बघू द्या."

"हौसे!" बाप ओरडला.

पण मामाला हसू आवरेना. "बराबर हाय की! काढ रं, बूट काढ. होऊ द्या एकदा दूध का दूध." आणि मी नको-नको म्हणेपर्यंत त्यानं माझा एक बूट धरून ओढला. बुटाबरोबर कातडंही आलं. मी ओरडलो नाही, पण घोंगडी मुठीत धरली. फोड फुटून पाणी वाहत होतं, पाय घोट्यापर्यंत तांबडालाल, आणि वास.

हौसा वाकून बघत होती. "बिब्बा," ती म्हणाली. "कुणी घातला?"

मी आत्याकडं बघितलं नाही. पण बाकी सगळ्यांनी बघितलं.

"भेगा व्हत्या," मी म्हणालो. तिच्याशी बोललेला माझा पहिला शब्द हा.

"मग व्हत्या तर व्हत्या," ती म्हणाली आणि आत गेली.

मग आतून पाट्यावर वरवंट्याचा आवाज आला. बाहेर आम्ही सगळे तो ऐकत बसलो. ती पितळेची वाटी घेऊन आली, त्यात तीळ आणि सुकं खोबरं वाटलेलं. वाटी तिनं आत्यापुढं ठेवली. "लावा. आन पाणी लागू द्यू नका, चुलीम्होरं बसू द्यू नका. खाजवलं तर वर सरकंल, मग डोळं सुजत्याल." आत्यानं मुकाट्यानं माझा पाय ओढून घेतला. इतकी वर्षं तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली होती, पण तिचा हात माझ्या अंगाला असा हळू लागलेला मला त्या दिवशीच आठवतो. गार लेप, त्याचा तो गोडसर वास, आणि समोर उभी राहून कुठं राहिलं ते बोटानं दाखवणारी ती. माझ्या दुखण्याकडं चार माणसं एकदम बघतायत, असं कधी झालं नव्हतं. मला तिथून उठावंसं वाटेना.

उठताना तात्या म्हणाला, "निरोप धाडतो." आमच्याकडं पसंती असली की माणूस तिथंच सुपारी मागतो. निरोप धाडतो म्हणजे नाही. हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हौसाच्या बापानं डोक्यावरचा पटका उगाच सारखा केला आणि "बरं" म्हणाला. तिच्या आईनं उरलेला लेप त्याच वाटीत घालून, वर केळीचं पान झाकून मामाच्या हातात दिला. वाटी येईल कधीतरी, म्हणाली.

इंदापूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. बूट मामाच्या काखेत, माझे पाय बाकावर पसरलेले. मग आत्याचं सुरू झालं. "पोरगी चलाख हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर टाचा त्या टाचाच. वैनीचं काय झालं बघितलंय नव्हं आपन? पुन्यांदा त्येच घरात आनायचं?"

मामा दुसरीकडं बघायला लागला. त्याचीच बहीण ती. तात्या चुना मळत होता.

मी म्हणालो, "आईच्या टाचा आपल्याच रानात फुटल्या."

तात्याचा अंगठा थांबला. मी पुढं म्हणालो, "माहेरनं न्हवत्या आनल्या. आपल्यात आल्यावर फुटल्या. मला हीच करायची हाय."

तात्यासमोर करायची, न करायची, असं माझ्या तोंडून आधी कधी काही आलं नव्हतं. दुसरी भाकरी हवी असली तरी मी ताट जरा पुढं सरकवायचो, बस. आत्या म्हणाली, "बघा, बिब्बा डोक्यात गेला ह्याच्या." कुणी हसलं नाही. गाडी आली. घरी पोचेपर्यंत तात्या एक शब्द बोलला नाही, पोचल्यावरही नाही. मला कळेना की मी जिंकलोय का हरलोय. नदीपल्याडच्या त्या बिजवराला मी कधी बघितलं नव्हतं, पण जेवताना तोच माझ्या पंक्तीला बसल्यासारखा वाटत होता.

आता हे लिहिताना वाटतं, त्या दिवशी तात्यानं सरळ नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? काही केलं नसतं. रानात गेलो असतो. माझी धाव तेवढीच होती. हौसाला मी हे एकदा सांगितलं तर म्हणाली, "ठाव हाय मला. म्हनून तर तुमचं बी बघू द्या म्हनले." पण ती असंच काहीही म्हणायची. खरं किती ते विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, उरलेला लेप पायाला लावून घेतला आणि ती पितळेची वाटी राखेनं घासली. लख्ख केली. दुसऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे पोरालाही कळतं. चार वांगी घालता आली असती, मूठभर शेंगा घालता आल्या असत्या. मी फळीवरचा साखरेचा डबा काढला. आमच्या घरात रोजचा गूळ, साखर पाहुण्यांपुरती, आणि डब्याला हात लावायचा हक्क फक्त आत्याचा. आत्या चुलीपुढं बसून बघत होती. मी वाटी काठोकाठ भरली. ती फुंकणी उचलून चुलीत फुंकायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

वळलो तर दारात तात्या. वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मुलगी बघून आल्यावर त्या घरी साखर गेली की तो शब्द झाला. मग त्यातनं माघार नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

"वाटी द्यायला चाललायस?"

"व्हय."

तो दारातून बाजूला झाला. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. "बांधून घे," म्हणाला. "गाडीत सांडंल."

वाटी मांडीवर घट्ट धरून मी इंदापूरपर्यंत गेलो. वस्तीवर तिची आई एकटी होती. तिनं उपरण्याची गाठ सोडली, आत बघितलं आणि खालीच बसली. साखरेची चिमूट तिनं तोंडात टाकली, एक माझ्या तोंडात घातली. हातानंच रानाकडं दाखवलं.

हौसा मेथीच्या वाफ्यांना पाणी देत होती. अनवाणी, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, हातात फावडं. मला तिनं बघितलं. तिच्या आईनं मागून ओरडून साखरेचं सांगितलं तेही ऐकलं. फावडं तेवढं क्षणभर थांबलं. मग तिनं एका वाफ्याचं तोंड बंद केलं आणि दुसऱ्याचं फोडलं. मी पुढं व्हायला लागलो तशी म्हणाली, "पाण्यात पाय घालू नका. काल सांगितलंय."

मी बांधावर बसलो. पाणी सरसर आवाज करत एका वाफ्यातून दुसऱ्यात जात होतं. आमच्या रानातही असंच जायचं, पण तिथं मी ते एकटा बघायचो. शेवटचा वाफा भरला. तिनं फावडं धुतलं, खांद्यावर टाकलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "चला. ऊन लागंल."

मी उठलो.